हाथीचकाचं कूळ

आर्टिचोक म्हणून जे शिजवतात ते फळ नव्हे, कंद नव्हे आणि पालाही नव्हे. ते उमलायच्या आधी तोडलेलं बोंड. मुठीएवढं, हिरवं, कधी जांभळट झाक असलेलं. जाड, मांसल दलं एकावर एक घट्ट चढलेली, आणि जुन्या जातींत प्रत्येक दलाच्या टोकाला एक पिवळट काटा. तेच बोंड झाडावर राहू दिलं तर दलं फाकतात आणि मधून निळ्या-जांभळ्या तंतूंचा दाट झुपका वर येतो. बघायला सुंदर, खायला निरुपयोगी. म्हणून भाजीसाठी लावणारा माळी त्याला तिथवर जाऊच देत नाही.

उभं चिरलं की आतली मांडणी कळते. बाहेरची दलं चिवट असतात. त्यांच्या बुडाशी गराचा पातळ थर असतो, तो दातांनी खरवडून घ्यायचा आणि बाकीचं टाकून द्यायचं. आतली दलं फिकट आणि कोवळी. त्यांच्या पोटात उद्याच्या फुलांचं केसाळ कूस. ते घशात अडकतं, चमच्याने कोरून काढावंच लागतं. त्याच्याही खाली पसरट, खोलगट बुडखा. सगळा जीव त्या बुडख्यात. चिरता चिरता लिंबू चोळत राहिलं नाही तर तो बघता बघता काळा पडतो. एवढा खटाटोप करून हाती काय येतं, तर दोन-चार घास. इतकं काटेरी आणि हात आखडून देणारं झाड माणसाने भाजीच्या वाफ्यात आणलं कसं, आणि त्याचं नाव देशोदेशी इतकं बदलत गेलं कसं, ही सगळी कुळकथा सांगण्यासारखी आहे.

सोलापूरकडे किंवा मराठवाड्यात ज्याने करडईच्या रानातून वाट काढली आहे, त्याला हे झाड अगदीच परकं वाटू नये. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने दोन्ही एकाच घरातली: सूर्यफुलाचं मोठं कुळ आणि त्यातली काटेरी झाडांची शाखा. आपल्या माळरानावरचा उंटकटाराही तिथलाच. करडईच्या काढणीला हातापायांना फडकी का गुंडाळतात हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही, आणि काटे धरायच्या आत खुडलेल्या त्याच करडईची भाजी भाकरीबरोबर किती रुचकर लागते हेही त्याला ठाऊक असतं. भूमध्य समुद्राच्या काठच्या माणसाने याहून वेगळं काही केलं नाही. काटेरी झाडात कोवळं कुठे सापडतं ते त्याने शोधलं. लॅटिनमध्ये अशा काटेरी झाडाला ‘कार्दुउस’ म्हणत. करडई आणि कार्दुउस कानाला सारखे वाटतात, पण झाडांचं नातं खरं असलं तरी नावांचं नातं जोडायला काही आधार नाही.

मूळ पुरुष म्हणजे रानटी कार्डून. सिसिली, सार्डिनिया, स्पेन, पोर्तुगाल, उत्तर आफ्रिका इथल्या कोरड्या उतारांवर तो आजही आपोआप उगवतो. त्याची माणसाळलेली लेकरं दोन. ज्यांनी दांडे जाड आणि मऊ होतील अशी झाडं निवडली त्यांच्या हाती बागेतला कार्डून आला. ज्यांनी बोंडावर नजर ठेवली त्यांच्या हाती आर्टिचोक. शास्त्रज्ञ आज तिघांना एकच जात मानतात, सिनारा कार्दुनकुलस.

लेखी पुराव्यात आधी दांडा दिसतो. अ‍ॅरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास वनस्पतींवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात ‘काक्टोस’ नावाच्या झाडाची नोंद आहे: हे फक्त सिसिलीत होतं, ग्रीसमध्ये नाही, पानं रुंद आणि काटेरी, दांडा सोलून खातात, किंचित कडू लागतो, खारवून ठेवतात. दुसऱ्या एका प्रकाराच्या बोंडातला गाभाही खातात, आणि तो खजुरीच्या शेंड्यातल्या कोवळ्या गाभ्याची आठवण करून देतो. बोंड खाण्याचा हा फार जुना उल्लेख. पुढे या ‘काक्टोस’ शब्दाचं जे झालं ते मोठं नवलाचं. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये अमेरिकेतून आलेल्या निवडुंगांना नाव देताना हा जुना ग्रीक शब्द उचलला. आज जग ज्याला कॅक्टस म्हणतं त्याचा आणि सिसिलीतल्या भाजीचा काट्यापलीकडे काहीही संबंध नाही.

रोमनांच्या काळात ही भाजी श्रीमंतांच्या पानात पोहोचली. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन ग्रंथकार प्लिनीने लिहून ठेवलं आहे की कार्थेज आणि कोर्दोबा इथल्या लहानशा वाफ्यांतून ६,००० सेस्टर्सचं उत्पन्न निघतं. तेव्हा रोमच्या साध्या शिपायाचा वर्षाचा पगार ९०० सेस्टर्स होता. प्लिनीला ही चैन मुळीच पसंत नव्हती. जनावरंसुद्धा ज्याला तोंड लावत नाहीत ते आपण पैसे मोजून खातो, आणि वर व्हिनेगर, मध, जिरं घालून मुरवून ठेवतो, म्हणजे वर्षातला एक दिवस सुना जायला नको, अशी त्याची तक्रार. मला त्या तक्रारीतली माहिती मोलाची वाटते. भाजी वर्षभर टिकवण्याइतकी ओढ लोकांना लागली होती, हे त्याच्या रागातूनच कळतं.

त्याच काळात कादिझचा कोलुमेला शेतीवर लिहीत होता. चीज करताना दूध कसं फाडावं हे सांगताना तो म्हणतो की कोकराच्या किंवा करडाच्या पोटातलं विरजण वापरावं. नसेल तर रानटी कार्दुउसचं फूल चालतं, किंवा करडईचं बी. करडई इथे त्याच्याच ओळीत येऊन बसते, ती अशी. फुलाने दूध फाडण्याची ती रीत पोर्तुगालमध्ये आणि स्पेनच्या एक्स्ट्रेमादुरा प्रांतात अजून चालू आहे, आणि मला या सगळ्या कथेत तिचं कौतुक सर्वांत जास्त वाटतं. पोर्तुगालच्या सेर्रा दा एश्त्रेला डोंगरांत मेंढीच्या दुधाचं चीज करतात. रानकार्डूनच्या फुलातले जांभळे तंतू खुडून सावलीत वाळवलेले असतात. चिमूटभर तंतू मिठाबरोबर खलात कुटायचे, पाण्यात भिजवायचे, आणि फडक्यातून गाळून ते तपकिरी पाणी कोमट कच्च्या दुधात सोडायचं. पाऊणएक तासात दूध बसतं. दही हाताने मोडून साच्यात भरतात, चक्क्या पसरू नयेत म्हणून कडेने कापडाची पट्टी गुंडाळतात आणि थंड, दमट खोलीत मुरत ठेवतात. वासराच्या पोटातलं विरजण दुधातलं प्रथिन एका ठरावीक जागी कापतं; कार्डूनच्या फुलातली विकरं अनेक ठिकाणी कापत जातात. त्यामुळे हे चीज आतून लोण्याइतकं सैल होतं, वरची टोपी कापून चमच्याने खातात, आणि जिभेच्या मागच्या बाजूला हलका कडवटपणा रेंगाळतो. गाईच्या दुधाला हे विरजण मानवत नाही, फार कडू होतं. मेंढीच्या दाट दुधालाच ते पेलतं. प्राण्यांच्या विरजणामुळे चीज वर्ज्य मानणाऱ्या आपल्याकडच्या घरांना हे मुद्दाम सांगावंसं वाटतं: पूर्णपणे वनस्पतीवर बसवलेलं चीज हा काही नवा शोध नाही, त्याला दोन हजार वर्षांचा लेखी आधार आहे.

आता नाव. ग्रीक लोक या भाजीला पुढे ‘किनारा’ म्हणू लागले. आजचं ग्रीक ‘अंगिनारा’ आणि तुर्की ‘एन्गिनार’ त्याचेच वंशज. लॅटिनमधलं ‘सिनारा’ही तेच. युरोपच्या बाकी भागाने मात्र हा वारसा सोडला आणि अरबी शब्द धरला. अरबीत या झाडाला ‘खरशूफ’. अंदलुसच्या, म्हणजे अरबी राजवटीतल्या स्पेनच्या, बोलीत ‘अल’ हे उपपद जोडून ‘अल-खरशूफा’. त्याचं जुन्या स्पॅनिशमध्ये ‘अल्कार्चोफा’ झालं, आजचं ‘अल्काचोफा’, पोर्तुगीजमध्ये ‘अल्काशोफ्रा’. इटलीत ‘अल’ गळून ‘कार्चोफो’ उरला. इथवर सगळं सरळ आहे.

उत्तर इटलीत शब्दाला वळण मिळालं. स्पॅनिश शब्द तिथे पोहोचला तेव्हा लोकांना त्यात आपल्या भाषेतलं काहीतरी ऐकू आलं. सुरुवातीच्या ‘अल्कार’मध्ये त्यांना ‘आर्ची’ सापडलं, म्हणजे ‘मुख्य, थोरला’. शेवटच्या ‘चोफा’मध्ये ‘चोक्को’ सापडलं, म्हणजे ‘ओंडका’. शब्द ‘आर्तिचोक्को’ झाला. आल्प्स ओलांडून तोच फ्रेंचांचा ‘आर्तिशो’, जर्मनांचा ‘आर्टिशोक’ आणि सोळाव्या शतकात इंग्रजांचा ‘आर्टिचोक’ झाला. इंग्रजांच्या कानाला त्यात ‘चोक’, म्हणजे घशात अडकणं, स्पष्ट ऐकू आलं. आतलं केसाळ कूस खरोखरच घशात अडकतं, तेव्हा अर्थ चपखल बसला, आणि त्या कुसालाच इंग्रजीत ‘चोक’ हे नाव पडलं. नावावरून भागाला नाव मिळाल्याचं इतकं स्पष्ट उदाहरण क्वचित सापडतं.

मग शब्द अरबांकडे परत गेला. सीरिया-लेबनॉनकडे आर्टिचोकला ‘अर्दी शौकी’ म्हणतात. ‘अर्द’ म्हणजे जमीन, ‘शौक’ म्हणजे काटा. जमिनीवरचा काटेरी, असा अर्थ. हे इतकं नीट बसतं की इंग्रजी शब्द यावरूनच आला असं पुष्कळ लोक छातीठोकपणे सांगतात. खरं उलट आहे. युरोपीय शब्द पूर्वेकडे आला, तो कुठून निघाला होता हे कुणाच्या लक्षात उरलं नव्हतं, आणि अरबी बोलणाऱ्यांनी त्यात पुन्हा आपला अर्थ भरला. इजिप्तमध्ये जुनं ‘खरशूफ’ टिकून आहे. मोरोक्कोत ते फक्त दांड्याच्या भाजीला लावतात, बोंडाला ‘कूक’ म्हणतात. फारसीत एका जुन्या काटेरी रानभाजीला ‘कंगर’ म्हणतात. आर्टिचोक आला तेव्हा त्यांनी त्याला ‘कंगर फरंगी’ करून टाकलं. फिरंगी कंगर. आपल्याकडेही हे विशेषण याच कामाला वापरलेलं आहे.

बोंडाची खरी कीर्ती झाली ती इटलीत. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते नेपल्सकडून फ्लॉरेन्स आणि व्हेनिसला गेलं आणि शंभर वर्षांत राजवाड्यापासून खानावळीपर्यंत पोहोचलं. फ्रान्सची राजमाता कॅथरिन द मेदिची १५७५ मध्ये एका लग्नात आर्टिचोकचे बुडखे आणि कोंबड्याचे तुरे इतके जेवली की जिवावर बेतलं, अशी नोंद पिएर द लेस्त्वालच्या रोजनिशीत आहे. खानावळीची हकिगत रोमच्या कोर्टाच्या दप्तरातली. एप्रिल १६०४ मध्ये चित्रकार काराव्हाज्जो ‘मोरो’ नावाच्या खानावळीत जेवायला बसला होता. वाढप्याने आठ आर्टिचोक आणले, चार लोण्यात केलेले, चार तेलात. लोण्यातले कुठले, असं काराव्हाज्जोने विचारलं. वाढप्याने सांगितलं की वास घेतला तर कळेल. दुसऱ्या साक्षीदाराच्या म्हणण्याप्रमाणे वाढप्याने स्वतःच नाकाजवळ धरून बघितलं. काराव्हाज्जो उसळला, थाळी त्याच्या तोंडावर फेकली, गालाला जखम झाली आणि प्रकरण तक्रारीपर्यंत गेलं. चित्रकार लोणी खाणाऱ्या लोंबार्दीतला, खानावळ तेल खाणाऱ्या रोममधली. ते भांडण पेटायला तेवढं पुरेसं होतं, असं मला वाटतं.

रोममध्ये ज्यू वस्तीने या बोंडाला जे रूप दिलं त्याला तोड नाही. १५५५ मध्ये पोप चौथ्या पॉलने रोमच्या ज्यूंना तिबर नदीकाठच्या एका कोंदट मोहल्ल्यात कोंडलं. त्या मोहल्ल्यातला पदार्थ म्हणून ओळखला जातो तो ‘कार्चोफी आला जुदिया’, ज्यू पद्धतीचा आर्टिचोक. त्यासाठी रोमच्या आसपासची बिनकाट्याची, गोल, घट्ट जात घेतात. छोट्या वाकड्या सुरीने बोंड हातात फिरवत फिरवत बाहेरचा चिवट भाग गोल उतरवतात. मग लिंबाच्या पाण्यात बुडवतात. पहिल्यांदा मंद तेलात देठापर्यंत शिजेल असं तळतात. निवलं की बोटांनी दलं हलकेच बाहेर उलगडतात, आणि मग कडकडीत तेलात, तोंड खाली करून, पुन्हा तळतात. वर थंड पाण्याचा शिपका मारला की दलं कुरकुरीत होतात आणि बुडखा आत लोण्यासारखा राहतो. २०१८ मध्ये इस्राएलच्या धर्मपीठाने अख्ख्या तळलेल्या आर्टिचोकवर आक्षेप घेतला: दलांच्या आत किडे असू शकतात, मग तो धर्माला चालेल कसा? रोमच्या ज्यूंनी ते मानलं नाही. आमची जात इतकी घट्ट मिटलेली असते की आत काही शिरतच नाही, आणि आमच्या बायका ती पिढ्यानपिढ्या साफ करत आल्या आहेत, असं त्यांनी सांगितलं. या वादात मी रोमच्या बाजूचा.

आर्टिचोक खाऊन वर पाणी प्यायलं की पुष्कळांना ते गोड लागतं, आपल्याला आवळा खाल्ल्यावर लागतं तसं. १९७२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात यावर प्रयोगाचा निबंध आला. बोंडातल्या सायनारिनसारख्या द्रव्यांचा जिभेवर होणारा हा परिणाम, आणि त्यापायी वाइनचे जाणकार या भाजीला वचकून असतात.

दांड्याची बहीण, म्हणजे कार्डून, मागे पडली. पण जिथे राहिली तिथे थाटात राहिली. स्पेनमध्ये नाताळच्या आदल्या रात्री बदामाच्या रश्श्यात, जिनिव्हात वर्षअखेरीला भट्टीत भाजून. इटलीच्या पिएमॉन्तेत निझ्झा मोन्फेर्रातोजवळ तिला ‘कुबडी कार्डून’ म्हणतात. सप्टेंबरात शेतकरी उभी झाडं वाकवून वाळूमिश्रित मातीत आडवी पुरतात. झाड उजेडाकडे उठू पाहतं, दांडे बाक घेतात, फुगतात, अंधारात पांढरे पडतात आणि त्यांचा कडूपणा उतरतो. मग ते कच्चेच, लसूण आणि खारवलेल्या मासळीच्या गरम तेलात बुडवून खातात.

बागेबाहेर पडलं की हे झाड मागे फिरतं. आर्टिचोक बियांपासून लावला तर बोंडं एकसारखी येत नाहीत, काटे परततात. म्हणून चांगल्या जाती बुंध्याशी फुटणाऱ्या फुटव्यांवर जगवत आणल्या आहेत, एका हातातून दुसऱ्या हातात. डार्विनने १८३३ मध्ये आजच्या उरुग्वेत शेकडो चौरस मैल जमीन युरोपातून आलेल्या कार्डूनने झाकलेली पाहिली. माणूस वा जनावर आत शिरू शकत नव्हतं. ओसाड पडलेल्या एका बागेतले आर्टिचोक साधे कार्डून होत असल्याचं तिथल्या एका जाणत्या शेतकऱ्याने सांगितलं, तेही त्याने टिपून ठेवलं.

हिंदुस्थानात हे झाड इंग्रजांच्या बंगल्यांमागच्या भाजीच्या वाफ्यात आलं, हिवाळी पीक म्हणून. आणि उत्तरेतल्या माळ्यांनी, खानसाम्यांनी साहेबाच्या तोंडचा ‘आर्टिचोक’ ऐकून त्याचं ‘हाथीचक’ केलं. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात या शब्दाला स्वतंत्र नोंद आहे. पूर्वेकडचा शब्द पश्चिमेला जाऊन बिघडला आणि तसाच मोडक्या रूपात पूर्वेला परतला, असा त्यांचा शेरा. शब्दाचा प्रवास त्यांनी अचूक ओळखला, पण ‘मोडका’ हे विशेषण मला मान्य नाही. लोंबार्दीतल्या माळ्याला ओंडका ऐकू आला, लंडनकराला घशातली अडकण, दमास्कसच्या भाजीवाल्याला काटा. त्यांना कुणी नावं ठेवत नाही. मग कानपूरच्या माळ्याला हत्ती ऐकू आला तर तो शब्द बिघडला कसा? आपण आल्फोन्सोचा हापूस केला आणि तो हापूस म्हणूनच मोठा झाला. परकं नाव तोंडात बसेपर्यंत घोळवायचं, आणि जमलं तर त्यात ओळखीचं काहीतरी बसवायचं, हे काम या भाजीच्या वाटेवरच्या प्रत्येक भाषेने केलं आहे. माळ्यांनी ते तितक्याच कसबाने केलं.

मराठीत हाथीचक रुजला नाही. इथे हे बोंड भेटतं ते बहुधा बरणीतून, पिझ्झावरच्या फाकांच्या रूपात, आणि नावही पाकिटावरचंच चालतं. ताजं बोंड मंडईत दिसू लागलं तर हाथीचक म्हणायला माझी काही हरकत नाही. फक्त एक घोळ आहे. हिंदीत काही ठिकाणी हाथीचक म्हणून एक गाठाळ कंद देतात. तो सूर्यफुलाच्या जातीचा, उत्तर अमेरिकेतला. १६०५ मध्ये केप कॉडजवळ फ्रेंच प्रवासी शांप्लँने तो चाखला आणि चव आर्टिचोकची लागली असं लिहिलं. इंग्रजांनी पुढे त्याला जेरुसलेम आर्टिचोक म्हटलं, आणि त्यांच्या मागोमाग तो घोळही इकडे आला. तेव्हा रोपवाटिकेत हाथीचक मागताना बोंडाचा हवा की कंदाचा, हे आधी सांगावं.